हॅनवेलचा अ‍ॅम्प्लिफायर: नाव कुणाचं, हात कुणाचे?

आज गोष्ट आहे एका खोक्याची. आत काचेचे दिवे, लोखंडी ट्रान्सफॉर्मर, बाहेर चार-सहा बटणं. गिटारची वायर त्यात खुपसायची आणि दुसऱ्या बाजूने स्पीकर जोडायचा. १९६२ साली लंडनच्या पश्चिम टोकाला, हॅनवेल नावाच्या उपनगरात, तीन-चार जणांनी मोकळ्या वेळात बसून हा खोका जुळवला. त्या खोक्यावर पुढे एकाच माणसाचं आडनाव लागलं: मार्शल. रॉक संगीताचा एकही कार्यक्रम तुम्ही पडद्यावर पाहिला असेल, तर वादकांच्या मागे काळ्या कपाटांची भिंत आणि त्यावर पांढऱ्या वळणदार अक्षरांतलं हे नाव तुम्ही पाहिलेलं आहे.

पण सोल्डर करणारे हात मार्शल यांचे नव्हते आणि सर्किटसुद्धा त्यांच्या दुकानात जन्मलेलं नव्हतं. मग हा अ‍ॅम्प्लिफायर नेमका कुणाचा? आजचा भाग याच प्रश्नाभोवती आहे. आणि उत्तर शोधायला आपल्याला कॅलिफोर्नियाला जाऊन परत लंडनलाच यावं लागणार आहे.

आधी त्या काचेच्या दिव्याबद्दल. आपल्याकडे ज्यांच्या घरी जुना मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ होता, त्यांना व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगायला नको. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले दिवे आधी लालसर व्हायचे, पाव-अर्ध्या मिनिटाने खरखर सुरू व्हायची आणि मग सिलोन किंवा विविध भारती. तो उशीर म्हणजे व्हॉल्व्ह तापण्याचा वेळ. आतली एक नळी तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोर एक पत्रा असतो, त्यावर तीनशे-चारशे व्होल्टचा धन दाब ठेवलेला असतो, म्हणून ते इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. १९०४ साली जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी इथपर्यंतची मजल मारली. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने या दोघांच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली आणि सगळं चित्र पालटलं.

ती जाळी म्हणजे धरणाचा दरवाजा समजा. दरवाजा चार बोटं वर-खाली करायला फारसा जोर लागत नाही, पण त्या चार बोटांवर नदी किती सुटणार ते ठरतं. गिटारच्या तारेतून येणारा विद्युत संदेश अगदी क्षीण, एका व्होल्टचाही अंश. तो जाळीवर द्यायचा. पत्र्याकडे धावणारा मोठा प्रवाह त्याच लयीत कमी-जास्त होतो. लहान हालचालीची मोठी नक्कल, बस, इतकंच. एका व्हॉल्व्हने भागलं नाही तर दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी स्पीकर ढकलू शकेल असे दोन दांडगे व्हॉल्व्ह. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे ही साखळी.

आता कॅलिफोर्निया. फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचा गृहस्थ १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. (वाद्यांच्या इतिहासात असे लोक बरेच भेटतात आणि वादकांना ते जरा खटकतं.) गावातले वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प त्याच्याकडे आणायचे. दुरुस्त करता करता त्याला कळत गेलं की या वस्तू नेमक्या कुठे मरतात. सोल्डर कुठे सुटतं, कुठला भाग जास्त तापतो, गाडीत आपटून काय तुटतं. चाळीसच्या दशकाच्या मध्यात त्याने स्वतः अ‍ॅम्प बनवायला घेतले. नंतरच्या त्याच्या गिटारी, १९५०ची आणि १९५४ची, जगप्रसिद्ध आहेत. त्यांच्यावर स्वतंत्र भाग करता येईल. आपल्याला हवा आहे तो बासमन.

बासमन हा नावाप्रमाणेच बास गिटारसाठीचा अ‍ॅम्प. १९५१ साली फेंडरने विजेवरची बास गिटार काढली आणि तिच्यासाठी १९५२ मध्ये हा खोका. सुरुवातीला त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. पुढे त्यात १० इंची चार स्पीकर आले, सर्किट बदलत गेलं आणि १९५८च्या सुमाराला जी आवृत्ती निघाली तिला जाणकार ५एफ६-ए म्हणून ओळखतात. गंमत अशी की बास वाजवणाऱ्यांपेक्षा साधी गिटार वाजवणाऱ्यांना ती जास्त आवडली. चाळीस-पंचेचाळीस वॉटची ताकद आणि जोरात वाजवलं की कडांना किंचित खरवडल्यासारखा येणारा आवाज.

फेंडरला ती खरवड नको होती. तो रेडिओवाला माणूस, आवाज स्वच्छ हवा ही त्याची शिस्त. वादकांना मात्र हळूहळू उलटंच हवंसं वाटू लागलं होतं. १९५१ साली मेंफिसमध्ये 'रॉकेट ८८' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी गिटारचा अ‍ॅम्प आधीच नादुरुस्त झालेला होता. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सने स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि त्या फाटक्या आवाजासकट गाणं मुद्रित केलं. ते चाललं, जोरात चाललं. लिंक रे नावाच्या वादकाने १९५८च्या एका ध्वनिमुद्रणासाठी स्पीकरला मुद्दाम भोकं पाडली. म्हणजे इंजिनियर ज्याला दोष म्हणत होते, त्याच्यासाठी वादक स्वतःच्या सामानाची नासधूस करायला तयार होते. इथून पुढची गोष्ट याच ओढाताणीतून घडते.

आता हॅनवेल. जिम मार्शल यांचा जन्म १९२३चा. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे त्यांचं बालपणाचं बरंचसं आयुष्य प्लास्टरमध्ये गेलं, शाळा जवळजवळ झालीच नाही. पुढे ते नाचगाण्याच्या वाद्यवृंदात गायले आणि ड्रम वाजवू लागले. युद्धाच्या काळात पेट्रोल मिळत नसे, तेव्हा आपलं सामान आणि स्वतः जुळवलेला छोटा ध्वनिवर्धक ते सायकलमागे गाडा लावून कार्यक्रमाला न्यायचे. युद्धानंतर त्यांनी ड्रमचे वर्ग काढले आणि त्यात चांगलं बस्तान बसवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एक मिच मिचेल, जो पुढे जिमी हेंड्रिक्सच्या संचात ड्रमवर बसला. १९६० मध्ये अक्सब्रिज रोडवर, ७६ क्रमांकाच्या जागेत मार्शल यांनी ड्रमचं दुकान उघडलं. हाच अक्सब्रिज रोड पुढे साउथॉलमधून जातो. आज तिथे गेलात तर पंजाबी मिठाई घेतल्याशिवाय परत येणार नाही. त्या काळात तिथली पंजाबी वस्ती नुकती वाढू लागली होती.

दुकानात ड्रमवाले यायचे, त्यांच्यासोबत त्यांचे गिटारवाले मित्र यायचे. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर, बिग जिम सलिव्हन ही नावं तेव्हा मोठी व्हायची होती किंवा होत होती. मध्य लंडनच्या वाद्यांच्या दुकानांत या रॉक-अँड-रोल पोरांना कुणी नीट विचारत नसे. त्यांनी मार्शल यांना गळ घातली: तुम्ही आमच्याशी माणसासारखं बोलता, मग गिटारी आणि अ‍ॅम्पही ठेवा ना. त्यांनी ठेवले. फेंडरचे अमेरिकन अ‍ॅम्प मागवले. ते समुद्रापलीकडून येणार, त्यावर आयातीचा कर, किंमत अवाच्या सवा. ब्रिटनने तर पन्नासच्या दशकात अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदीच ठेवली होती, ती उठून जेमतेम काही वर्षं झाली होती. पोरांकडे तितके पैसे नव्हते. इंग्लंडमध्ये व्हॉक्सचे अ‍ॅम्प मिळत, चांगलेच होते, शॅडोज वाजवत होते, पण त्यांचा आवाज किणकिणता, उजळ. या मंडळींना हवा होता जाडसर, अंगावर येणारा.

दुकानात दुरुस्तीला केन ब्रॅन नावाचा तंत्रज्ञ होता. त्याचं म्हणणं साधं होतं: बाहेरून कशाला आणायचं, आपणच बनवू की. तो हौशी रेडिओवाल्यांपैकी, म्हणजे घरी ट्रान्समीटर लावून परक्या देशांतल्या अनोळखी माणसांशी बोलणाऱ्या जमातीतला. त्याच जमातीतला दुसरा, डडली क्रेव्हन. वय १८. ईएमआय कंपनीत शिकाऊ उमेदवार. आणि तिसरा क्रेव्हनचा मित्र केन अंडरवुड. ही मुलं घरच्या शेडमध्ये बसायची. हातात नमुना म्हणून फेंडरचा बासमन.

इथे थोडं थांबू या, कारण लोक 'नक्कल केली' असं एका वाक्यात म्हणून मोकळे होतात. नक्कल होतीच, नाकारण्यात अर्थ नाही. सर्किटचा आराखडा जवळजवळ जसाच्या तसा बासमनचा. पण नक्कल करायला लागणारे सुटे भाग हॅनवेलमध्ये मिळत नव्हते. अमेरिकेतले ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार? मग रेडिओस्पेअर्स या ब्रिटिश पुरवठादाराच्या यादीतून जो ट्रान्सफॉर्मर साधारण जुळला तो घेतला. फेंडरचा सांगाडा पोलादी पत्र्याचा. यांनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवला, कारण घरच्या हत्यारांनी तो कापता येतो आणि भोकं पाडता येतात. शेवटच्या टप्प्यावर बासमनमध्ये ५८८१ नावाचे अमेरिकन व्हॉल्व्ह होते. सुरुवातीला यांनीही ते वापरले, मग घरच्या बाजारातले केटी६६ लावले. हे लंडनमध्येच, हॅमरस्मिथला बनत. घरातल्या उत्तम ग्रामोफोनसाठी नावाजलेले, बाटलीसारखे फुगीर, देखणे व्हॉल्व्ह.

पहिल्या टप्प्यावरचा बदल सर्वांत महत्त्वाचा. फेंडरने तिथे १२एवाय७ ठेवला होता, ज्याची वाढवण्याची क्षमता साधारण ४४. यांनी तिथे ईसीसी८३ लावला, ज्याची १००. वरवर पाहिलं तर एकाच आकाराचे दोन दिवे, पायांची मांडणीही सारखी, एक काढून दुसरा बसतो. परिणाम असा की पुढच्या टप्प्यांवर संदेश आधीच फुगून येतो, आणि त्यांची मर्यादा लवकर संपते. लाटेचे गोल माथे वरून कापल्यासारखे सपाट होतात. हीच ती खरवड. मात्र व्हॉल्व्ह ते माथे करवतीने कापल्यासारखे कापत नाही, किंचित घासून गोलवतो, म्हणून कानाला ते तुटल्यासारखं न वाटता भरल्यासारखं वाटतं.

आणखी एक बदल बहुधा फार कमी लोकांना माहीत असतो. अशा अ‍ॅम्पमध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या संदेशाचा एक हिस्सा उलट करून मागे आणतात, म्हणजे आवाज आवरलेला राहतो. फेंडरचे चार स्पीकर मिळून २ ओहमचा भार होत असे, तिथून २७ हजार ओहमच्या रेझिस्टरमधून तो हिस्सा मागे येई. हॅनवेलच्या मंडळींनी रेझिस्टर तोच ठेवला, पण तो १६ ओहमच्या टोकाला जोडला. तेवढ्याच ताकदीला १६ ओहमवर व्होल्टेज जवळजवळ पावणेतीनपट असतं. म्हणजे एक आकडा तसाच उतरवला आणि तरी अ‍ॅम्पचा स्वभाव बदलला. इतका बारीक फरक, आणि तो आजही कान लावून ऐकणारे ओळखतात.

राहिला स्पीकर. फेंडरचा खोका मागून उघडा होता, आणि अ‍ॅम्प व स्पीकर एकाच पेटीत. मार्शलवाल्यांनी डोकं वेगळं आणि स्पीकरचं कपाट वेगळं केलं. कपाटात थेम्स डिटनच्या सेलेस्चन कंपनीचे १२ इंची स्पीकर. त्यातला एकेक १५ वॉटच झेपवू शकायचा, दोन घातले तर उडायचे, म्हणून चार. कपाट मागून बंद. बंद कपाटात हवा दबते, खालचे स्वर छातीत येऊन ठोकतात.

जिम मार्शल सांगत की पहिले पाच नमुने त्यांना पटले नाहीत आणि सहावा ऐकल्यावर हाच तो आवाज असं वाटलं. तो १९६२चा सप्टेंबर. पहिल्याच दिवशी २३ मागण्या आल्या असंही ते सांगत. दुकानदार माणूस, आकडा थोडा चढवून सांगत असेल तर मला नवल वाटणार नाही. पण पोरं रांग लावून होती हे खरं, कारण दोन वर्षांच्या आत, १९६४ मध्ये त्यांना हेजमध्ये सिल्व्हरडेल रोडवर कारखाना काढावा लागला. नमुन्याचं नाव पडलं जेटीएम ४५. जिम आणि त्यांचा सॅक्सोफोन वाजवणारा मुलगा टेरी, या दोघांच्या अद्याक्षरांवरून. ४५ म्हणजे वॉट. ब्रॅन, क्रेव्हन, अंडरवुड यांचं एकही अक्षर त्यात नाही.

आता हेजबद्दल, कारण मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर धागा तिथे सापडतो. हेज म्हणजे ईएमआयचं गाव. आपल्याकडच्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या आठवा. कोलकात्याजवळ दमदमला छापल्या जायच्या, पण त्या कारभाराचं मूळ हेजमध्ये. ईएमआयच्या हेजमधल्या प्रयोगशाळेत तीसच्या दशकात अ‍ॅलन ब्लुमलाइन नावाचा विलक्षण इंजिनियर काम करत होता. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचं मूळ पेटंट १९३१चं, ते त्याचं. राहायला ईलिंगला, म्हणजे हॅनवेलच्या शेजारी. १९३६ मध्ये त्याने दोन व्हॉल्व्ह एका सामाईक रेझिस्टरवर जोडायची एक युक्ती पेटंट केली. इंजिनियर तिला 'लांब शेपटीची जोडी' म्हणतात. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला, वय अवघं ३८.

बासमनच्या ५एफ६-ए मध्ये शेवटच्या दोन दांडग्या व्हॉल्व्हना एकमेकांच्या विरुद्ध संदेश पुरवायचं काम कोण करतं? लांब शेपटीची जोडी. युक्ती हेजमधून निघाली, पुस्तकांतून आणि व्हॉल्व्ह कंपन्यांच्या पत्रकांतून जगभर फिरली, कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या हाती लागली, अ‍ॅम्पमध्ये बसून जहाजाने लंडनला आली, आणि ईएमआयच्या एका १८ वर्षांच्या उमेदवाराने ती पुन्हा हॅनवेलमध्ये सोल्डर केली. मग तिचा कारखाना निघाला तो पुन्हा हेजमध्येच. सांगा आता, चोरी कुणी कुणाची केली?

माझं मत सांगतो, तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही. सर्किट या बाबतीत स्वयंपाकातल्या पाककृतीसारखं आहे. अमेरिकेत आरसीए कंपनी व्हॉल्व्हची माहितीपुस्तकं छापायची, त्यात मागे नमुना सर्किटं दिलेली असत, कारण लोकांनी सर्किटं बनवली तर कंपनीचे व्हॉल्व्ह खपणार होते. सगळे त्यातून उचलत, फेंडरही त्याच वातावरणात शिकला. त्यामुळे मार्शलने फेंडरला लुटलं ही जी तक्रार अधूनमधून ऐकू येते, ती मला फोल वाटते. दुसरी तक्रार मात्र मला खरी वाटते: नावाची. क्रेव्हन काही वर्षांनी मार्शल सोडून गेला आणि फार काळ त्याचं नाव फक्त तंत्रज्ञांच्या वर्तुळात राहिलं. दुकान, पैसा, जोखीम, गिऱ्हाइकाची नस ओळखणं, हे सारं जिम मार्शल यांचं, आणि ते छोटं काम नाही. या पोरांना नेमकं काय हवंय हे ऐकून घेणारा माणूस नसता, तर क्रेव्हनने शेडमध्ये काहीतरी दुसरंच बनवलं असतं. तरीही, कुठला व्हॉल्व्ह कुठे बसवायचा हे ज्याने ठरवलं त्याचं नाव पेटीवर कुठेच नसावं, हे मला डाचतं. आपल्याकडे जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवर गायकाचं नाव असायचं आणि साथीदारांचं नसायचं, त्यातलाच प्रकार.

पुढचं भराभर. १९६५ मध्ये टाउनशेंडला आणखी ताकद हवी झाली, १०० वॉटचा अ‍ॅम्प निघाला. त्याने आठ स्पीकरांचं एकच कपाट मागितलं, ते इतकं जड झालं की उचलणारी पोरं वैतागली, मग त्याचे दोन भाग झाले, एकावर एक. रंगमंचावरची ती काळी भिंत अशी आली. १९६६च्या जुलैमध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स संचाची एरिक क्लॅप्टनसोबतची तबकडी आली. क्लॅप्टनकडे जेटीएम ४५ चंच सर्किट असलेला, दोन स्पीकरचा एकसंध अ‍ॅम्प होता. कंपनीच्या यादीतला त्याचा क्रमांक १९६२, आणि त्याचा सालाशी काही संबंध नाही. यावरून नवखे लोक नेहमी गोंधळतात. त्याने स्टुडिओत कार्यक्रमात वाजवतो तेवढ्याच जोरात वाजवायचा हट्ट धरला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हे नियमाबाहेरचं वाटलं, पण त्यांनी करू दिलं. फेंडर जो दोष काढायला धडपडत होता, तो त्या तबकडीवर गाण्याचा कणा होऊन बसला. त्याच साली अमेरिकेहून एक मुलगा लंडनला आला. मिच मिचेलच्या ओळखीने तो मार्शल यांना भेटला. पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स.

आपल्याकडे काय चाललं होतं, असा प्रश्न या मालिकेत नेहमी येतो, आणि यायलाच हवा. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आपल्याला नवे नव्हते. मुंबईच्या मोटवानी कुटुंबाच्या शिकागो रेडिओने तीसच्या दशकापासून काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवले. लाखांच्या गर्दीला गांधीजींचा मुळात हळू असणारा आवाज ऐकू गेला तो याच दिव्यांमुळे. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या दारात कर्ण्यावर वाजणारी गाणी याच दिव्यांतून. व्हॅन शिपले यांच्यासारखे वादक पन्नासच्या दशकात मुंबईत विजेवरची गिटार वाजवत होते. साठच्या दशकात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवायला घेतले, आणि त्यांचा ईसीसी८३ आज परदेशातले हौशी वादकसुद्धा शोधत असतात.

म्हणजे व्हॉल्व्ह होते, लॅमिंग्टन रोडवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर होते, रेडिओ खोलून बसणारी पोरं तर गल्लोगल्ली होती. आयात बंद असल्यासारखीच होती, म्हणून घरी बनवण्याची गरज हॅनवेलपेक्षा इथे जास्तच होती. बीट संगीताच्या काळात आपल्याकडच्या पोरांनीही सभेच्या अ‍ॅम्पला गिटार जोडून वाजवली. पण सभेचा अ‍ॅम्प भाषणासाठी बनलेला, त्याचा हेतू शब्द स्पष्ट पोचवण्याचा. गिटारसाठी म्हणून मुद्दाम जुळवून, ऐकून, नापसंत करून, सहाव्यांदा पुन्हा जुळवायचं, तर रोज तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक दारात लागतं. हॅनवेलमध्ये ते होतं. जवळच ईलिंगमध्ये १९६२च्या मार्चपासून ब्लूजचा क्लब सुरू झाला होता. बनवलेली वस्तू लगेच तिथल्यासारख्या गर्दीत वाजवून पाहता येत होती. माझ्या मते फरक तंत्राचा नव्हता, या अंतराचा होता.

आता, हा भाग ऐकून कुणीतरी लगेच सोल्डरिंगचं सामान काढणार, हे मला ठाऊक आहे. पहिला अ‍ॅम्प म्हणून जेटीएम ४५ घेऊ नका. लिओ फेंडरचाच 'चँप' नावाचा छोटा भाऊ आहे, पाचेक वॉटचा: पुढे एक व्हॉल्व्ह, शेवटी एक, आणि वीज सरळ करणारा एक. त्याचं सर्किट एका पानावर मावतं आणि चुकलं तर शोधता येतं. ट्रान्सफॉर्मर घेताना आपली २३० व्होल्टची वीज लक्षात ठेवा. अमेरिकन नमुना तसाच मागवलात तर तो पहिल्याच दिवशी धूर काढेल. तिसऱ्या पिनीचं अर्थिंग थेट सांगाड्याला, ढिलाई चालणार नाही.

आणि एक गोष्ट दोनदा सांगतो. या पेटीत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते जात नाहीत. मोठे कपॅसिटर, ज्यांना जुने मेकॅनिक कंडेन्सर म्हणायचे, ते वीज धरून बसतात, कधी कधी बराच वेळ. प्लग काढा, रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे करा, मीटर लावून शून्य दिसतंय ना ते पाहा, मगच हात घाला. दुसऱ्यांदा: प्लग काढा, रिकामे करा, मीटरने पाहा. जुने रेडिओवाले चालू सेटमध्ये बोट घालताना डावा हात खिशात ठेवायचे, कारण एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वीज वाटेत हृदयातून जाते. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

व्हॉल्व्ह मिळतात का? मिळतात. हॅमरस्मिथचा कारखाना ऐंशीच्या दशकात बंद झाला, बंगळूरचेही आता बनत नाहीत. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून येतात, आणि ते विकत घेणाऱ्यांत सर्वांत मोठा वर्ग गिटारवाल्यांचाच. साऱ्या जगाने ट्रान्झिस्टर आल्यावर टाकून दिलेली वस्तू या एका जमातीने जिवंत ठेवली आहे.

हॅनवेलमध्ये बनलेला तो पहिला अ‍ॅम्प मार्शल कंपनीने जपून ठेवला. जिम मार्शल २०१२च्या एप्रिलमध्ये गेले, ८८ वर्षांचे होऊन. त्या पेटीचं झाकण काढलं तर आत अ‍ॅल्युमिनियमचा हाताने वाकवलेला पत्रा दिसतो, आणि त्यावरची सोल्डर डडली क्रेव्हन आणि त्याच्या मित्रांची आहे.